बघून धरलेला पेला

गोव्यातल्या माणसाला बेळगाव तसं परगाव वाटत नाही. कुणाची सोयरीक तिथे, कुणाचं कॉलेज तिथे, कुणाचं इस्पितळ तिथे. आमच्या आईचं माहेर बेळगावजवळचं मच्छे. चोर्ला घाट चढून, कणकुंबी आणि जांबोटी मागे टाकून पिरनवाडीला पोहोचलं, की बेळगावकडे न वळता खानापूरच्या अंगाला वळायचं. थोडं पुढे गेलं की मच्छे. लहानपणी मे महिन्यात आम्ही जायचो तेव्हाचं मच्छे माझ्या आठवणीत आहे ते शेतांचं, बैलगाड्यांचं आणि संध्याकाळी ओट्यावर जमणाऱ्या म्हाताऱ्यांचं. आजचं मच्छे कारखान्यांचं आहे. औद्योगिक वसाहतीत लेथ फिरतात, हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह तयार होतात. पॉलिहायड्रॉनसारखं या धंद्यातलं नावाजलेलं नाव इथलंच. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा पत्ताही मच्छेचाच. म्हणजे एकाच गावात हातानं काम करणारे आणि यंत्राचं गणित मांडणारे, दोघेही नांदतात.

मी लिहिणार आहे ते मात्र एका स्टीलच्या पेल्याविषयी.

गेल्या डिसेंबरात मामाकडे गेलो होतो. मामा आता नाहीत. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, ओट्यावर बसला होता. उभं आयुष्य लेथवर काढलेला माणूस. वहिनीनं चहा आणला. मी सवयीनं पेला उचलला आणि बोलत राहिलो. दादानं मात्र बोलणं थांबवलं. त्यानं पेल्याकडे बघितलं, हात पुढे केला, बोटं पेल्याभोवती आणली, आणि पेला ओठाला लागेपर्यंत त्याची नजर पेल्यावरून हलली नाही. घोट घेतला, पेला जपून खाली ठेवला, आणि मगच माझ्याकडे वळून म्हणाला, "हं, काय म्हणायलास?"

माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यानं ओळखला असावा. "बघितलं नाही तर सुटतोय रे हातातनं," तो म्हणाला. "नाहीतर इतका आवळला जातोय की चहा अंगावर."

झालं होतं ते असं. वर्षभरापूर्वी घरातल्या खिडकीची तडकलेली काच बदलताना ती निसटली आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसली. मनगटाच्या मध्यातून एक मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, तळहातात उतरते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची स्पर्शाची खबर तीच मेंदूकडे नेते. ती कापली गेली. डॉक्टरांनी शिवली. पण शिवलेली नस म्हणजे जोडलेली विजेची तार नव्हे. तिच्यातले तंतू नव्यानं वाढत बोटांपर्यंत जावे लागतात, आणि ते वाढतात दिवसाला सुमारे १ मिलिमीटर! मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचा वीतभर प्रवास करायला सहा महिने लागतात, आणि पोहोचल्यावरही सगळे आपापल्या जुन्या घरी जात नाहीत. त्यामुळे आलेली संवेदना अर्धवट, गोंधळलेली असते. बोटं मिटवणारे मोठे स्नायू मात्र कोपराजवळ, जखमेच्या वरच्या बाजूला. त्यांचं फारसं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे हातात जोर होता. कळत नव्हतं ते एवढंच, की तो किती लागतो आहे.

दादा हे सांगत होता तसा माझ्या मनात एक जुना उतारा जागा होत होता. इंग्रजीत वाचलेला, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा.

सर चार्ल्स बेल हा एडिंबरोत जन्मलेला, लंडनमध्ये नावाजलेला शल्यविशारद. मज्जातंतूंवरचं त्याचं काम मोठं. १८२६ साली त्यानं रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. मेंदूकडून स्नायूकडे हुकूम जातो हे सगळेच मानत होते. बेलचं म्हणणं असं, की स्नायूकडून मेंदूकडे खबरही परत येते. जाणं आणि येणं मिळून एक वर्तुळ होतं. ते वर्तुळ पुरं झालं तरच हाताचं काम नीट होतं. पुढे १८३३ साली त्यानं केवळ हातावर एक ग्रंथ लिहिला. हाताच्या रचनेतून ईश्वराची योजना दाखवावी, हा त्याचा हेतू. त्या ग्रंथात एका आईची हकीकत येते. अंगावर पाजणाऱ्या या बाईला पक्षाघाताचा झटका आला. एका बाजूची ताकद गेली, दुसऱ्या बाजूची जाणीव गेली. ज्या हातात ताकद उरली होती त्या हातानं ती बाळाला छातीशी धरू शकत असे, पण केवळ ती बाळाकडे बघत असेपर्यंत. कुणी हाक मारली, नजर दुसरीकडे गेली, की हाताचे स्नायू हळूहळू सैल पडत आणि बाळ पडायच्या बेताला येई.

गोष्ट चार वाक्यांची, पण तिच्यात सगळं आहे. आईच्या मायेत काही कमी नव्हतं, हातातला जोर शाबूत होता. तुटली होती ती फक्त परतीची वाट. आणि ती तुटलेली वाट डोळ्यांनी उसनी भरून काढली होती.

गंमत म्हणजे पकडीचा जोर मोजायचं यंत्र बेलच्या आधीपासून होतं. १७९८ च्या सुमारास फ्रान्समध्ये एदमे रेन्ये यानं पोलादी स्प्रिंगचं एक लंबगोल कडं बनवलं. ते मुठीत दाबलं की काटा सरके. माणसाची ताकद मोजायचं असं साधन हवं, ही इच्छा निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँची. पण या यंत्राचा उपयोग काय झाला बघा. १८०० साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याच्या शोधासाठी निघालेल्या फ्रेंच मोहिमेत फ्रांस्वा पेराँ नावाचा तरुण ते बरोबर घेऊन गेला. तिथल्या आदिवासींच्या, तिमोरच्या लोकांच्या आणि आपल्या खलाशांच्या मुठी त्यानं दाबायला लावल्या आणि निष्कर्ष काढला, की सुधारलेला युरोपीय माणूसच अधिक बळकट! पहिल्यांदाच असलं काही हातात घेणारा माणूस आणि ते कशासाठी आहे हे ठाऊक असलेला माणूस, यांची तुलना एकाच काट्यावर. आपण गोंयकारांनी साडेचारशे वर्षं परक्यांची मोजमापं सोसली, त्यामुळे असा हिशेब आपल्याला चटकन ओळखू येतो. पुढे १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टननं हजारो लोकांची मापं घेतली, त्यातही मुठीचा जोर होताच. सगळ्यांना हवं होतं ते एकच: जास्तीत जास्त किती?

पण रोजच्या जगण्यात जास्तीत जास्त जोर लागतो कधी? नारळ सोलताना, घट्ट बसलेलं झाकण काढताना. बाकी दिवसभर आपल्याला लागतो तो बेताचा जोर. अंडं फुटू नये आणि पडूही नये, एवढा. हा बेत कोण ठरवतं?

आपल्याकडचा कासार आठवा. लग्नघरी चुडा भरायला तो बसला, की भोवती बायका, पोरं, थट्टामस्करी. कासार नवरीचा हात आपल्या हातात घेतो, तळहात दाबून आवळतो, काचेची बांगडी सांध्यावरून अलगद सरकवतो. काच तडकत नाही, हात दुखत नाही. आणि हे चालू असताना तो बघतो कुठे? बहुधा नवरीच्या चेहऱ्याकडे, किंवा तिला चिडवणाऱ्या मावशीकडे. बांगडीकडे नाहीच. गाईची धार काढणारी बाईही आचळाकडे टक लावून बसत नाही. त्यांची बोटंच बघत असतात.

बोटं कशी बघतात, हे नीट कळायला १९८४ साल उजाडावं लागलं. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात रोलांड योहान्सन आणि गोरान वेस्टलिंग यांनी एक साधा प्रयोग केला. एक छोटी वस्तू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून उचलायची. चिमटीखालचा पृष्ठभाग बदलत राहायचा: कधी रेशीम, कधी मऊ चामडं, कधी पॉलिश कागद. दिसून आलं असं, की माणूस वस्तू निसटणार नाही याच्या किंचित वर जोर ठेवतो. थोडीशी शिल्लक, फार नाही. रेशीम आलं की पकड आपोआप घट्ट, पॉलिश कागद आला की सैल. वस्तू तीळभर घसरली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत बोटं सावरून घेतात. माणसाला पत्ताही नसतो. मग त्यांनी बोटं सुईनं बधिर करून तोच प्रयोग केला आणि ही सगळी किमया नाहीशी झाली. रेशीम काय, पॉलिश कागद काय, पकडीला फरकच कळेना.

मग डोळ्यांचं काम काय? डोळे अंदाज बांधतात. चवथीला आपण शाडूचा किंवा मातीचा गणपती आणायला जातो. मूर्ती बघूनच हाताला कळतं की जोर किती लावायचा. पण तेवढ्याच आकाराची कागदाच्या लगद्याची मूर्ती कुणी हातात दिली, तर हात भसकन वर जातात! डोळ्यांनी दिलेला अंदाज चुकलेला असतो. १८९१ साली शार्पांतिए या फ्रेंच वैद्यानं दाखवलं होतं, की सारख्याच वजनाच्या लहान आणि मोठ्या वस्तूंतली लहान वस्तू माणसाला जड वाटते. डोळे आधी बोलतात, हात मागाहून दुरुस्ती करतो.

शिवाय डोळे संथ. १८९९ साली अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थनं माणसांना कागदावर ठरावीक लांबीच्या रेघा ओढायला लावल्या. कधी डोळे उघडे, कधी मिटलेले. संथ गतीत उघड्या डोळ्यांच्या रेघा बऱ्याच अचूक आल्या. पण वेग वाढवत नेला तसा हा फायदा आटत गेला, आणि फार जलद हालचालीत डोळे उघडे असोत की मिटलेले, फरकच पडेना. नजरेनं चूक पकडून हाताला सांगेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं. निसटणाऱ्या पेल्याचंही तसंच. डोळ्याला तो निसटताना दिसतो तेव्हा बोटांची वेळ टळलेली असते. म्हणून दादाला पेला निसटायच्या आधीपासून बघत राहावं लागतं.

हे सगळं मी दादाला सांगितलं, अर्थात इतक्या नावागावांसकट नव्हे. तो उठून आत गेला आणि एक वस्तू घेऊन आला. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याच्या हाती पकड मोजायचं यंत्र दिलं होतं. आजकाल बहुतेक ठिकाणी ते तेलावर चालतं: मूठ दाबली की बंद तेलावर दाब येतो आणि तबकडीवर काटा फिरतो. जन्मभर मच्छेत हायड्रॉलिकचे भाग कातलेल्या माणसाला ते बघून हसूच आलं. "म्हटलं, ताई, हे तर आमच्यातलंच की!" मग त्यानं घरीच तसं एक करून घेतलं. एक लहानसं सिलिंडर, दोन दांडे आणि जुनं प्रेशर गेज. तबकडीवर लाल रंगाची खूण: इथे काटा ठेवायचा, वर नाही, खाली नाही.

त्यानं माझ्यासमोर मूठ दाबली. डोळे काट्यावर. काटा लाल खुणेवर आला आणि थरथरत तिथेच राहिला. "आता मिटतो," म्हणून त्यानं डोळे मिटले. पाच सेकंद, दहा सेकंद. काटा हलकेच खाली यायला लागला. "आहे ना तिथंच?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं. मी काही बोललो नाही. डोळे उघडल्यावर काटा कुठे आलाय ते त्यानं बघितलं. "रोज असंच होतंय," म्हणाला.

मग मी करून बघितलं. माझी बोटं धडधाकट. तरी डोळे मिटल्यावर माझाही काटा घसरला! दादाइतका नाही, पण घसरला. आणि मला शपथेवर विचारलं असतं तरी मी तो जागच्या जागी आहे असंच सांगितलं असतं. यात माझा काही दोष नव्हता. २००२ साली अमेरिकेत व्हॅलनकोर्ट आणि रसेल या दोघांनी हेच तपासलं होतं. पडद्यावरची रेघ बघत माणसं चिमटीचा जोर स्थिर ठेवत. रेघ अचानक घालवली की पहिला क्षणभर तो टिके, आणि साधारण अर्ध्या ते दीड सेकंदानंतर घसरायला लागे. नजरेनं घेतलेलं माप मेंदूत टिकतं ते इतकंच. म्हणजे बेलच्या त्या आईनं बाळावरून नजर काढल्यावर तिच्याकडे वेळ होता तो एखाद्या सेकंदाचा. मला पेला धरताना हे जाणवत नाही, कारण नजर गेली तरी माझी बोटं जागी असतात. दादाची झोपलेली आहेत.

"लेथवर कसं असतंय," दादा म्हणाला, "नवीन पोरगं सारखं गेजकडे बघतं. व्हर्निअर लाव, बघ, परत लाव, परत बघ. जुन्या माणसाच्या हाताला कळतंय. बोल्ट किती आवळला, जॉब चकमध्ये नीट बसला काय, ते हात सांगतोय. मी चाळीस वर्षांत हाताचा माणूस झालो होतो. आता परत शिकाऊ झालो बघ."

दादाचं हे बोलणं मला माझ्या सगळ्या वाचनापेक्षा नेमकं वाटलं. डोळे हाताची जागा घेतात, पण शिकाऊ म्हणून घेतात. काम होतं, मात्र त्यासाठी सगळं लक्ष तिथे गहाण पडतं. पेला धरला असताना गप्पा मारता येत नाहीत. इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांची हकीकत याहून दारुण. १९७१ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, एका आजारानंतर त्यांची मानेखालची स्पर्शाची आणि अवयव कुठे आहेत याची जाणीव गेली. स्नायू शाबूत, पण शरीर जणू दुसऱ्याचं. त्यांनी प्रत्येक हालचाल नजरेनं शिकून घेतली: बसणं, चालणं, वस्तू धरणं. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. दिवे गेले की हा माणूस जागच्या जागी कोसळत असे. दादानंही सांगितलं, "करंट गेला की हातातलं पहिलं खाली ठेवायचं. मग बॅटरी शोधायची."

आता मला ज्या ठिकाणी यायचं होतं तिथे येतो. बोटांची जाणीव गेलेली माणसं आपल्याकडे एखाद-दुसरी नव्हती. हजारो होती, आणि आपण त्यांना गावाबाहेर बसवलं होतं. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनला सापडला. हा जंतू हातापायांच्या नसांवर बसतो. आधी जाते ती जाणीव. सासष्टीत मकाझनला डॉ. फ्रोइलानो द मेलो यांच्या पुढाकारानं १९३४ साली कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ सुरू झालं, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. आमच्या लहानपणी त्या जागेचं नाव निघालं की मोठी माणसं आवाज उतरवून बोलत. "बोटं झडतात," एवढंच आम्हाला कळे. पान गळावं तशी बोटं आपोआप गळतात, असंच चित्र डोळ्यांपुढे उभं राही.

हे खोटं आहे, असं ठामपणे दाखवून दिलं ते डॉ. पॉल ब्रँड यांनी. १९१४ साली तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले, १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले हे हाताचे सर्जन. तिथली एक हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. एका गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांना फिरता फिरेना. एक किरकोळ अंगाचा कुष्ठरोगी पोरगा पुढे आला आणि त्यानं ती सहज फिरवली. एवढ्याशा पोरात एवढी ताकद कुठून? ब्रँडनी त्याचा हात बघितला तर बोट हाडापर्यंत कापलेलं, आणि पोराला त्याचा पत्ताच नाही! ताकद त्याच्यात जास्त नव्हती. 'पुरे' असं सांगणारं कुणी त्याच्या बोटात उरलं नव्हतं. आपण सगळे किल्ली फिरवताना कळ येण्याआधी थांबतो. तो थांबला नाही, इतकंच.

बोटं रोगानं झडत नव्हती. ती जास्त आवळल्यानं, भाजल्यानं, जखम न कळल्यानं झिजत होती. रात्री तर आणखी एक भयंकर प्रकार घडे. झोपेत उंदीर बोटं कुरतडत आणि माणसाला जाग येत नसे. दिवसा डोळे पहारा करतील, रात्री कोण करणार? ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला तो म्हणजे घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर द्यायचं! वाचताना हसू येतं आणि लगेच मावळतं.

दिवसाचे उपाय साधेच होते, पण त्यांमागे हाच विचार होता. हत्यारांच्या मुठी जाड करा, म्हणजे जोर तेवढाच असला तरी तो जास्त जागेवर विभागला जाईल. काम करताना हाताकडे बघा. संध्याकाळी काम संपलं की दोन्ही तळहात उजेडात धरून निरखा: लाली, फोड, चीर. न दुखणारी जखम शोधून काढायची असते. वेल्लोरच्या आवारात ब्रँडनी उभ्या केलेल्या नवजीवन केंद्रात रुग्ण सुतारकाम शिकले ते या शिस्तीनं. आपल्या मराठी मुलखात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला तपोवन आणि बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोड्याजवळ आनंदवन उभं केलं. तिथे या हातांनी शेती केली, कापड विणलं, घरं बांधली. या वसाहतींकडे आपण सहसा दयेच्या, त्यागाच्या नजरेनं बघतो. मला आता तिथली वेगळीच गोष्ट दिसते. बधिर हातानं कुदळ धरणं आणि धोटा फिरवणं हे केवढं कसब आहे! तो प्रत्येक माणूस डोळ्यांनी धरत होता. आणि हा रोग पुढे कित्येकांचे डोळेही नेतो. स्पर्शही गेला आणि नजरही गेली, तर तळहातावर ठेवलेली वस्तू आहे की पडली, हे सांगायला कुणीच उरत नाही.

राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं आपल्याकडे २००५ साल संपताना जाहीर झालं. औषधं आहेत, रोग पूर्ण बरा होतो. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजून भारतातच सापडतात. आणि औषधानं जंतू मरतो, पण मेलेली नस बहुधा परत येत नाही. मधुमेहानं जाणीव गमावलेली माणसं तर आता घरोघरी आहेत. तेव्हा हा इतिहास काही दूरचा नाही.

शास्त्रज्ञांच्या जगातही तोच धागा पुढे चालू आहे. कृत्रिम हात लावलेल्या माणसाला अजूनही बहुधा त्या हाताकडे बघतच वस्तू धरावी लागते. रोबोच्या साहाय्यानं शस्त्रक्रिया करणारे सर्जन कित्येक वर्षं धाग्यावरचा ताण बोटांनी न कळता, पडद्यावर मांस किती ओढलं जातंय ते बघून ओळखत आले. जोराची जाणीव थेट हातापर्यंत पोहोचवणारं त्या जातीचं नवं यंत्र २०२४ साली अमेरिकेत मान्य झालं. मच्छेच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ज्याला फीडबॅक म्हणतात, ते हेच बेलचं वर्तुळ. पोरं त्याची समीकरणं पाठ करतात. गावातल्या ओट्यावर एक माणूस रोज सकाळी त्याचीच उजळणी करतो, जुन्या गेजवर लाल खूण करून.

संध्याकाळी निघायच्या आधी दादाची नात शाळेतून आली आणि धावत त्याच्या अंगावर झेपावली. त्यानं तिला डाव्या हातानं सावरलं. मग मला म्हणाला, "अपघात झाला तेव्हा धाकटी सहा महिन्यांची होती. तिला उजव्या हातात घेतलंच नाही मी. घ्यायचं झालं तर जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि मगच मांडीवर घ्यायचं." थोडा वेळ गप्प राहिला आणि त्यानं विचारलं, "त्या तुझ्या पुस्तकातल्या बाईचं बाळ... पडलं काय रे शेवटी?"

बेलनं ते लिहिलेलं नाही. बाळ पडायच्या बेताला येई, एवढंच लिहून तो पुढच्या मुद्द्याकडे गेला. त्याला मज्जातंतूंविषयी सांगायचं होतं. एवढी वर्षं मी तो उतारा कितीदा वाचला, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडायला दादाचा हात लागला.

"नसेल पडलं," मी म्हणालो. "ती बघत असणार."

"होय," दादा म्हणाला. "बघतच बसली असणार." आणि त्यानं गार झालेल्या चहाच्या पेल्याकडे नजर वळवली, हात पुढे केला, आणि मी माझं पुढचं वाक्य त्याचा घोट संपेपर्यंत थांबवून ठेवलं.